तारखेभोवतीचं लाल वर्तुळ

टर्रर्र करून कपड्यांचा ड्रायर थांबला आणि शुभा दचकली. आतल्या खोलीत आन्याने कूस बदलली, पण ती उठली नाही. अजून अर्धा तास तरी हाताशी होता.

टेबलावर रेणूचा पेपर पसरला होता. पुण्यात दोघी इतिहासाच्या वर्गात एका बाकावर बसायच्या. पहिली यायची शुभा, दुसरी रेणू. आता रेणू इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत पीएचडी करत होती आणि शुभा तिथून दहा मिनिटांवर, नवऱ्याच्या व्हिसावर, चार वर्षांच्या लेकीचे मोजे जुळवत होती. "यार, उद्या कॉन्फरन्स आहे, तुझी एक नजर पडू दे," म्हणत रेणूने काल कागद ठेवले आणि गळ्यातलं युनिव्हर्सिटीचं कार्ड झुलवत निघून गेली. ते कार्ड शुभाला कालपासून सलत होतं.

पेपर चांगला होता, दुखणं तेच होतं. १९१३ सालचा, इथल्याच एका रेशीमगिरणीतला संप. मालक वॉलेस, युनियनचा पुढारी कॉनली. रेणूला मालकाचं एक पत्र सापडलं होतं: या, बोलणी करू, मजुरी वाढवू. तारीख चार मार्च. संप सुरू झाला सतरा मार्चला. म्हणजे कॉनलीने ते पत्र लपवलं, उगाच संप लादला आणि कामगारांची पोरंबाळं उपाशी ठेवली, असं रेणूने ठासून लिहिलं होतं.

शुभाने पत्राची प्रत उजेडात धरली. ४/३/१३.

तिला हसू फुटलं. आन्याच्या तिसऱ्या वाढदिवसाला तिनेही असंच ७/६ लिहून आमंत्रणं धाडली होती. सात जूनला केकपाशी घरातलीच तिघं. आणि सहा जुलैला दारात दोन मुलं, हातात गिफ्ट! इथे महिना आधी लिहितात हे ती त्या दिवसापासून विसरली नव्हती.

पत्र तीन एप्रिलचं होतं. संप सुरू होऊन अडीच आठवडे उलटल्यावरचं. कॉनलीने काहीच लपवलं नव्हतं.

आन्याचा लाल खडू घेऊन तिने तारखेभोवती वर्तुळ काढलं. तेवढ्यात फोन थरथरला.

"काय गं, वाचलंस?" रेणू विचारत होती. "काही खटकलं का? उद्या सकाळी नऊला पहिला नंबर माझाच."

चुकू दे की एकदा. भर सभेत, कुणीतरी म्हाताऱ्या प्रोफेसरने उठून सांगू दे.

"छान झालाय," शुभा म्हणाली.

"हुश्श! तू म्हणालीस म्हणजे झालं. कायम पहिली यायचीस बाई. आभारात तुझंच नाव आहे वर."

फोन ठेवला तर दारात आन्या उभी, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. शुभाने तो कागद चटकन ड्रायरमधून काढलेल्या गरम कपड्यांच्या ढिगात सारला आणि हात पसरले. पण आन्या नेहमीसारखी त्या उबदार ढिगातच जाऊन लोळली. कागद चुरचुरला. तिने तो ओढून काढला, लाल वर्तुळावरून बोट फिरवलं.

"हा रेणूमावशीचा पेपर आहे ना?"

"हो गं बाळा."

"मग तू हाइड का केलास, आई?"