तीन नंबरचा संच

कोळशाच्या वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात स्कोसानाने बॉयलरला जाणारं पाणी पडद्यावरून आणखी थोडं वाढवलं आणि दार वाजताच हात चहाच्या कपाकडे नेला. आत आली थुलिसिले. बॉयलरच्या मजल्यांवर फेरी मारून यंत्रांवर नजर ठेवणं हे तिचं काम. कानातले बोळे काढून तिने मुठीत धरले होते.

“काका, आवाज वाढलाय.”

“जुना बॉयलर आहे. म्हातारं माणूस खोकणारच.”

“हा खोकला नाही. आत नळी फुटलीय. सकाळी नुसती शीळ येत होती, आता फूत्कार येतोय.”

हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. सकाळपासून बॉयलर जेवढं पाणी पीत होता तेवढी वाफ देत नव्हता, आणि उरलेलं पाणी कुठे जातंय हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. तो मुकाट्याने पाणी वाढवत राहिला होता. बॉयलर-जनित्राचा हा संच चालू ठेवायचा की नाही ते ठरवायला शुक्रवारी मंत्रालयाची माणसं येणार होती.

सरकारने ठरवून टाकलं होतं, अमुक सालापर्यंत एवढी वीज उन्हाची आणि वाऱ्याची. तेव्हापासून बाजाराचा रंगच पालटला. दुपारी उन्हाची वीज मातीमोल भावात मिळायची, म्हणून आधी ती उचलली जायची आणि कोळशाला हुकूम व्हायचा, बस खाली. ऊन उतरलं की, ऊठ. ज्या संचाला ही रोजची उठाबशी झेपेल त्याला आणखी काही वर्षं, बाकीच्यांना कुलूप. त्यांच्या केंद्रातले दोन संच असेच गेले होते. उरला होता हा तीन नंबर, आणि त्याच्या जिवावर पठारावरचं त्यांचं छोटं गाव. एका चालीने चालायला बांधलेल्या यंत्राला रोज तापवायचं, रोज निववायचं, आणि वर त्याच्या नळ्या का फुटतात म्हणून विचारायचं! स्कोसानाला याचा मनस्वी राग यायचा.

“शुक्रवारपर्यंत दम धर,” तो म्हणाला.

“खाली राख काढायच्या दाराशी दोघं जण काम करतायत. वाफ उसळली तर त्यांच्याच अंगावर येईल. त्यांनाही दम धरायला सांगू?”

“त्यांना बाहेर काढ.”

“मग राख तुंबेल आणि संच तसाही बंद पडेल. तुम्हीच शिकवलंत ना मला?”

“आणि आता बंद केला नि पुन्हा कुणी चालूच करू दिला नाही, तर? तू काय करशील? शेजाऱ्यांच्या घरावरचे सौर पॅनल पुसशील? तुझ्या आईच्या औषधांचं काय?”

“आईला मध्ये आणू नका, काका.”

मग थुलिसिलेने बोळे एकेक करून कानात घातले.

“मी खाली जाते,” ती म्हणाली. “त्या दोघांच्या शेजारी उभी राहते. तुम्ही म्हणताय काही होत नाही, तर होणार नाही.”

“थुलिसिले!”

दार लागलंसुद्धा. तिला ऐकूच गेलं नसावं, किंवा गेलं असावं.

स्कोसानाने राखेच्या मजल्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र समोर घेतलं. धुरकट उजेडात दोन पिवळी हेल्मेटं वाकलेली दिसत होती. पाण्याचा आकडा पुन्हा चढला. त्याने पाणी वाढवलं नाही, कमीही केलं नाही. तेवढ्यात चित्रात तिसरं हेल्मेट आलं आणि त्या दोघांच्या शेजारी जाऊन उभं राहिलं. हातात काही काम नाही, नुसतीच उभी.

“काय हट्टी पोरगी आहे,” तो स्वतःशीच म्हणाला आणि लाल बटणावरचं झाकण उचलून त्याने बटण दाबलं.

छपरावरून वाफ गर्जत सुटली. मग हळूहळू पायांखालची थरथर थांबली. उभं आयुष्य ही थरथर त्याच्या तळव्यांना होती. ती थांबल्यावर त्याला एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं.

विजेच्या टंचाईच्या वर्षांत हा संच पडला की दोन फोन ठरलेले असत. पहिला घरून, बायकोचा, गुगूचा. “पाडलात ना पुन्हा? माझी मक्याची लापशी अर्धी कच्ची राहिली शेगडीवर!” दुसरा देशाच्या नियंत्रण केंद्रातून, त्यात नुसती आरडाओरड. मग गावंच्या गावं अंधारात जायची. त्या शिव्या खाताना स्कोसानाची छाती जरा फुगायचीच.

आज एकही फोन वाजला नाही. शेवटी त्यानेच नियंत्रण केंद्राला लावला.

“तीन नंबर पडला. नळी फुटलीय.”

“बरं,” पलीकडचा तरुण आवाज म्हणाला. “नोंद केली, बाबा.”

“संध्याकाळी अडचण येईल ना तुम्हाला?”

“किनाऱ्यावर वारा छान आहे आज. तुम्ही सावकाश करा दुरुस्ती, घाई नाही.”

थुलिसिले वर आली. अंगावर राख, मागे ते दोघं, तिघंही धडधाकट. त्याच्या गार झालेल्या चहाचा कप तिने उचलला आणि कोपऱ्यातली किटली लावली. किटलीचा लाल दिवा लागला. स्कोसाना त्या दिव्याकडे बघत राहिला.

मग त्याने घरी फोन केला. गुगूने बराच वेळ उचलला नाही.

“लाइट आहे का?” त्याने विचारलं.

“आहे की. का हो?”

“मगाशी गेली होती का? जराशी तरी?”

“छे! टीव्ही चालू आहे, इस्त्री चालू आहे. तुमचाच शर्ट करतेय, शुक्रवारचा. बोला पटकन, बाही जळेल इकडे. काय झालं?”

स्कोसानाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“काही नाही,” तो म्हणाला. “कर इस्त्री.”