उजव्याने ओढलेली अकरा वर्षं

वायरमनची उजवी पोटरी दोन वर्षांत चौथ्यांदा धरली. दर वेळी तोच खेळ. बर्फ, मलम, आठवडाभर कण्हणं, आणि दुखणं थांबलं की गडी पुन्हा टेकडीवर धावायला मोकळा.

शेवटी थोरल्या बहिणीने त्याला फिजिओथेरपिस्टकडे ओढत नेलं. बाई जेमतेम त्याच्या खांद्याला लागतील एवढ्या.

"डाव्या पायावर उभे राहा. डोळे मिटून."

"अहो, दुखतोय उजवा."

"कळलं. डावा."

"म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!" ताई हसली.

रोज शिडीवर चढणारा माणूस, पण तीन म्हणेपर्यंत भिंतीवर जाऊन आदळला. दुखऱ्या उजव्यावर मात्र तीस आकडे झाले तरी खांबासारखा उभा.

"डावा घोटा कधी मुरगळला होता?"

"छे, कधीच नाही."

ताईचं हसू मावळलं. "अरे, लिफ्ट बंद होती म्हणून बाबांना पाठीवर घेऊन सहा मजले उतरलास. दुसऱ्या दिवशी घोटा हा एवढा सुजला होता!"

"त्याला अकरा वर्षं झाली, ताई."

बाबांच्या आजारपणात त्या घोट्याकडे बघायला सवड कुणाला होती?

"तेव्हापासून उजवा दोघांचं काम करतोय," बाई म्हणाल्या. "चढावर त्याचा जीव मेटाकुटीला येतो."

वायरमनने खाली पाहिलं. स्वतःचेच पाय, पण पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे. अकरा वर्षं, इतक्या शिड्या, इतके जिने, आणि या उजव्या पायाने चकार शब्द काढला नाही. चारदा ओरडला, तेव्हा आपण त्यालाच शिव्या घातल्या. त्याने पोटरीवर अलगद हात ठेवला.

मग दात घासताना डाव्या पायावर उभं राहणं सुरू झालं. पायरीच्या कडेवर टाचा उचलणं, आधी रिकाम्या हाताने, पुढे हत्यारांची पिशवी खांद्याला लावून. दीड महिन्यात दुखणं पळालं तसे त्याने बूट चढवले. बाईंना फोनवर तसं सांगितलं, तर त्या कडाडल्या, "दुखत नाही म्हणून धावायचं, हीच तर तुमची जुनी खोड!" तो दारातच बसला. नाड्या सोडल्या. एवढं अवघड काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात परवानगी मिळाली. ताईला सोबत घेऊन तो मैदानात गेला. भिजलेल्या मातीत अनवाणी एक फेरी मारून तो थांबला, वळला आणि तिथेच खिळला. मातीत ठसे उमटले होते. डावा, उजवा, डावा. दोन्ही टाचा सारख्याच खोल.

"ताई, हे बघ."

ती वाकली. तिनेही बराच वेळ पाहिलं, आणि मग डाव्या टाचेच्या ठशावर अलगद हात ठेवला.