दाराकडे चार पावलं

नवख्यांचा वर्ग धाकटीला मिळाला. पण तूर्त तो कोणालाच मिळालेला नाही असं धरून चालू. दादाही तसंच धरून चालला होता.

दादा दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि गुरुवारी संध्याकाळी सभागृहात लोकनाच सांगायचा. म्हणजे माईकवर उभं राहून, ठेका पडायच्या आधी पुढचं पाऊल पुकारायचा. नाचणाऱ्यांनी फक्त पाय आणायचे, डोकं दादाचं. आपल्या धाकट्या बहिणीलाही हे त्यानंच शिकवलं होतं. आयुष्यात चूक कुठे झाली असं कोणी विचारलं असतं, तर त्यानं हीच दाखवली असती.

आता नवख्यांसाठी वेगळा वर्ग निघणार होता. दोघांनी एकेक सोपा नाच सांगायचा, मग वर्ग कोणाला ते सभागृहाच्या सेक्रेटरीबाई ठरवणार.

धाकटीनं रांगेतला नाच निवडला. डावं-उजवं हा विषयच काढला नाही. दाराकडे चार, खिडकीकडे चार, एक टाळी, संपलं. बेकरीवाल्या आजोबांना स्वतःच्या चपलांतही डावं-उजवं सापडत नसे. तेसुद्धा तालात गेले आणि तालात परत आले. लोक घामेजून ‘आणखी एकदा’ म्हणत होते. दादानंही टाळ्या वाजवल्या. तेव्हा त्याच्या पोटात जे दुखलं ते अपेंडिक्स नव्हतं. ते आधीच काढलेलं होतं.

चार जोड्यांचा चौकोन हा दादाचा हुकमी नाच. ऐन वेळी त्यानं तो सोडला आणि गोल घेतला, तिच्याहून सोपा म्हणून. शब्दही तिचेच उचलले.

“दाराकडे चार!”

रांगेत सगळ्यांची तोंडं एकीकडे असतात. गोलात दार कोणाच्या समोर, कोणाच्या पाठीमागे. अर्धा गोल उरलेल्या अर्ध्यावर चालून गेला. उरलेला अर्धा शिस्तीचा निघाला. ठेका चुकू नये म्हणून दादा पुकारतच राहिला, तसे ते हातात हात घालून दाराबाहेर पडले आणि जिन्यापाशी थांबले. बेकरीवाल्या आजोबांनी आत डोकावून विचारलं, “मास्तर, जिनापण नाचायचाय का?”

कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट झालं.

धाकटी जवळ आली, माईकवर हात ठेवून हळूच म्हणाली, “दादा, गोलात ‘आत’ आणि ‘बाहेर’ म्हणायचं. तूच शिकवलंस की.”

“माहितीये. तुझ्या लक्षात आहे का बघत होतो.”

“आहे ना?”

“आहे.”

निकाल लागल्यावर दादानं कचेरीतून एक कोरा अर्ज मागून घेतला आणि बाकावर बसून स्वच्छ अक्षरात भरला:

‘मा. सचिव यांस. विषय: नोंदीत दुरुस्ती. वर्गाच्या निर्णयाबाबत अर्जदाराची तक्रार नाही. मात्र अर्जदाराची बहीण अद्याप लहान असून अर्जदाराकडूनच शिकत आहे, असे मागील तारखेपासून जाहीर करावे व ही स्थिती कायम ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.’