गच्चीवरची ताडपत्री

अण्णांना, म्हणजे भुजंगरावांना, घाम येत नव्हता. चिंचेवरून पडून मान मोडली, तेव्हापासून त्यांचं गळ्याखालचं शरीर निर्जीव होतं, आणि घामच नाही म्हटल्यावर उकाडा अंगातच साठायचा. "खोली थंड ठेवा, नाहीतर जिवावर बेतेल," असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून सुदर्शननं आईवडिलांना हदगावकडच्या खेड्यातून नांदेडच्या घरात आणलं, एसी बसवला, त्याची बाहेरची पेटी गच्चीवर ठेवली आणि स्वतः लातूरला नोकरीवर परतला.

पावसाळा जवळ आला तसा त्यानं फोन केला. "माय, गच्चीवरच्या पेटीत पाणी जाऊ देऊ नको. ती बिघडली तर अण्णांचं काही खरं न्हाई."

लांबून हुकूम सोडायला काय जातं! ती पेटी पाऊस सोसायलाच घडवलेली असते, हे या शिकल्यासवरल्या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

दोन दिवसांनी मायचाच, केवळाबाईंचा, फोन आला. "झाकली बघ. कडब्याच्या गंजीवानी झाकली."

सुदर्शन हसला. वर एखादं फडकं टाकून दगड ठेवला असेल, असं त्याला वाटलं. बरं केलंस, म्हणाला.

लगेच पाऊस लागला, आणि गारव्यात एसीची गरज पडली नाही. मग उघडलं आणि वर कडक ऊन तापलं. जीव नकोसा करणारी उमस. सकाळीच मायचा फोन. "एसी गरम हवा फेकायलाय रे. घडीघडी बंद पडायलाय."

"लाईट कमी येत असंल. जरा थांबून पुन्हा लाव."

आपल्याकडे काहीही बिघडलं की लाईटच्या नावानं बोटं मोडायची आणि मोकळं व्हायचं. तोही मोकळा झाला. माय दिवसभर एसी बंद करत राहिली, लावत राहिली, ओल्या पंचानं नवऱ्याचं अंग पुसत राहिली. संध्याकाळी भुजंगराव बरळायला लागले. सुदर्शनची एसटी नांदेडात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

राख सावडून आल्यावर तो गच्चीवर गेला. त्याला त्या एसीचा भयंकर राग आला होता.

पेटी दिसतच नव्हती. ताडपत्री चारी बाजूंनी ओढून, खालून घेऊन, बैलाच्या दाव्यांनी करकचून आवळली होती. मायच्या हातच्या गाठी त्यानं लहानपणापासून पाहिल्या होत्या. तिच्या गंजीत कधी पाणी शिरलं नाही, आणि या पेटीतून गरम हवेला बाहेर पडायला बोटभरही फट राहिली नव्हती.

 हात मायचे होते, पण सांगणारं तोंड त्याचं होतं. हे तिला कळलं तर ती फक्त आपल्या हातांनाच दोष देत बसेल आणि त्यातच मरेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रडू आवरत त्यानं एकेक गाठ सोडली.

खालून, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून केवळाबाईंनी विचारलं, "भिजली व्हती का रे? माझंच झाकायचं चुकलं का?"

"न्हाई माय. टिपूससुद्धा गेला न्हाई आत."

"मग बिघडली कशानं?"

"मशीनच खराब निघाली."

त्यांनी आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आभाळ भरून आलंय. पुन्हा बांधून ठेव बरं. तुझ्या अण्णांसाठी आणलेली वस्तू हाय."

सुदर्शननं ताडपत्री उचलली आणि होती तशीच चारी बाजूंनी ओढून घट्ट बांधली.