सगुणेच्या खांद्यावरचा हात

मी एक जुना साचा आहे. पेणमध्ये साचे पुष्कळ, आणि बहुतेक सगळे गणपतीचे. त्यांच्याकडे लोक हात जोडून बघतात. माझ्याकडे कोणी बघितलंच, तर मालकांची सून "ती अडगळ आहे" म्हणून मोकळी होते. म्हणू दे. मित्रांनो, माझ्या पोटात पोकळी आहे हे मी लपवत नाही. साच्याला ती असावीच लागते. पण ज्यांच्यामुळे माझा जन्म झाला त्यांच्या डोक्यातही ती होती, आणि तिथे ती असायचं काही कारण नव्हतं.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. रोह्याच्या एका साप्ताहिकात चंद्रावती नावाच्या शिक्षिकेची कादंबरी दर आठवड्याला थोडी थोडी छापून येत होती. तिची नायिका सगुणा, मिठागरात राबणाऱ्या बापाची मुलगी. नायक म्हणावा असा त्यात कोणी नव्हताच, पण वाचकांनी एक धरला. हैबतराव त्याचं नाव. या हैबतरावाने सुरुवातीलाच दमदाटी करून सगुणेच्या बापाचं मिठागर आपल्या नावावर करून घेतलं होतं. बाप त्या धक्क्याने अंथरुणाला खिळला. पुढे केव्हातरी भर बाजारात पावसाची सर आली, तेव्हा याच हैबतरावाने सगुणेच्या डोक्यावर छत्री धरली. झालं! लोक मिठागर विसरले आणि छत्री तेवढी लक्षात ठेवली. ओली माती मी जन्मभर पोटात घेतली आहे, पण इतक्या लवकर विरघळणारं काही पाहिलं नाही.

पेणच्या रामवाडीला दिनानाथाचं चहाचं हॉटेल होतं. साप्ताहिक आलं की दिनानाथ स्वतः उभा राहून कादंबरी मोठ्याने वाचायचा, आणि हैबतरावाचं नाव आलं की आवाज जाड करायचा. गडबहून भाजी घेऊन येणाऱ्या बायका, कंपनीतून शिफ्ट सुटलेले कामगार, कोणीही बाकावर टेकायचं आणि शेवटी एकच विचारायचं, "लगीन कवा हाय?" बापाचं मिठागर परत कधी मिळणार, हे मात्र कोणाच्या तोंडून चुकूनही निघालं नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. इथे गणपती सांगायचा म्हणजे आपल्या घरचा लाकडी पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, त्यावर खडूने नाव घालायचं. मूर्ती त्याच पाटावर बसून घरी जाते. दिलेला पाट रिकामा परत न्यायचा नाही. नेला तर घराला वाईट, असं सगळे मानतात. त्या वर्षी दिनानाथाच्या डोक्यातून निघालं, की यंदा गणपतीसमोरच्या आराशीत हैबतराव आणि सगुणेचा जोडा ठेवायचा. तोवर लग्न लागलेलं असणारच! लेखिकेला विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. प्रत्येक घराने मूर्तिकार काळुरामच्या कारखान्यात दुसरा पाट आणून टाकला. देवाच्या रीतीत त्यांनी एका गुंडाला बसवलं, आणि वर एकमेकांना पेढे दिले.

काळुराम कसबी माणूस. त्याने शाडूत जोडा घडवला, वरून प्लास्टर ओतलं आणि मी जन्मलो, दोन अर्ध्यांचा, सुतळीने बांधायचा. माझ्या पोटात ती दोघं अगदी चिकटून उभी होती. हैबतरावाचा उजवा हात सगुणेच्या खांद्यावर, चारही बोटं रुतलेली. "हात असा पायजे, काळूशेठ, बायको आपली हाय असं दिसला पायजे," ही दिनानाथाची सूचना. काळुरामची आई गोदूबाई मूर्तींचे डोळे रेखायची. तिने पहिला जोडा हातात घेतला, बोटांकडे बघितलं आणि म्हणाली, "हिच्या डोल्यात काय भरू रे? ही तं दचकल्यावानी दिसते." कोणी लक्ष दिलं नाही. माझी मात्र वाहवा चालली होती. लोक यायचे, मला थोपटायचे, जोड्यांच्या रांगा बघून डोळे पुसायचे. मला त्या कौतुकाची किळस यायची.

आणि शेवटचं प्रकरण छापून आलं. लग्नाच्या बोलणीला हैबतराव सगुणेच्या दारात येतो. सगुणा कोपऱ्यातली ती छत्री उचलते, त्याच्या हातात देते आणि म्हणते, "छत्री तुमची, ती न्या. मिठागर आमचं, ते इथे ठेवून जा." मग ती दार लावून घेते. संपली कादंबरी.

दिनानाथाचा आवाज म्हणे मध्येच बसला. त्याने पान उलटून बघितलं, मागे काही उरलंय का. मागे छत्र्या दुरुस्तीची जाहिरात होती.

दुसऱ्या दिवशी ती सगळी फौज कारखान्यात शिरली. सुतक लागल्यासारखी तोंडं! ज्याने शेजारच्या घरी मयताला खांदा दिला नसता, तो कागदावरच्या लग्नासाठी रडत होता. रागाच्या भरात त्यांनी वाळत ठेवलेले सगळे जोडे खाली ओढून फोडले. काळुराम बाजूला उभा होता. फोडून झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, "झाला? आता आपापले पाट उचला."

कोणी हलेना. रिकाम्या पाटाला हात लावायची एकाचीही छाती नव्हती.

मग त्यांनी नवी शक्कल काढली: लेखिकेलाच इथे बोलवायचं आणि शेवट बदलून घ्यायचा. साप्ताहिकाच्या संपादकांनाही वाचक तुटायची भीती होती. त्यांनी चंद्रावतीला बजावलं, लग्न लावा, नाहीतर यापुढे तुमचं एक अक्षर छापणार नाही. ती एसटीने एकटी आली. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर दमणूक.

"बाई, तुमी आमचा इस्वासघात केला," दिनानाथ म्हणाला. "जोडा किती सोभत व्हता!"

"कोणाला?" तिने विचारलं.

"आमाला!"

"सगुणेला नाही."

गडबची ठमाबाई पुढे झाली. तिचं अख्खं घर मिठागरावर जगत होतं. "बाई, पन त्यानी छत्री धरली की वो. मानूस सुधारतो."

चंद्रावतीने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझ्या मालूताईला खांब गावात दिली आहे. मागणी घालणाऱ्या माणसाने त्याआधी आमच्या चुलत्यांना मारहाण केली होती. मग एकदा देवळात येऊन पाया पडला. सगळी आळी म्हणाली, माणूस सुधारला, जोडा शोभतो. माझी बहीण नको नको म्हणत होती. तिचं कोणी ऐकलं नाही, आणि मी लहान होते. आज ती माहेरी येते तेव्हा पाठ कोणाला दाखवत नाही. मी तिला सोडवू शकले नाही. पण सगुणा माझ्या हातातली आहे. तिला मी देणार नाही. छापायचं बंद केलं तरी देणार नाही."

आता तरी यांना लाज वाटेल असं मला वाटलं. माझाही भोळेपणाच!

"ती तुमच्या घरातली गोस्ट झाली, बाई," दिनानाथ म्हणाला. "आमाला लगीन पायजे."

मित्रांनो, माणसाला हिणकस म्हणावं असं माझ्या मनात पुष्कळदा आलं आहे, पण इतक्या मनापासून त्याच दिवशी.

ठमाबाईने मात्र मान खाली घातली होती. "मिठागर गेला तं मानसाचा काय ऱ्हाते?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मी यवरी वर्सं मिठात पाय जालले, आन मीच इसरले." मग ती काळुरामकडे वळली. "माज्या पाटावर ती एकटी दे. तो मेला नको."

गोदूबाई लगेच म्हणाली, "काळू, तिला एकटीला काढ."

काळुरामने माझ्या पोटातली हैबतरावाची जागा प्लास्टरने भरून टाकली. मला बरं वाटलं, खरंच सांगतो. पण खांद्यावरचा हात सगुणेच्या बाजूला होता. तिथे प्लास्टर धरेना, दर वेळी गळून पडे. त्यामुळे प्रत्येक सगुणा चार बोटं खांद्यावर घेऊनच बाहेर यायची, आणि गोदूबाई कोरणीने ती खरवडून काढायची. बाकीच्यांनीही नाक मुरडत सगुणा नेली. पटलं म्हणून नव्हे, रिकाम्या पाटाच्या भीतीने. दिनानाथाने घरी नेऊन तिच्या शेजारी पुठ्ठ्याचा हैबतराव उभा केला. त्याला उंदरांनी खाल्लं, एवढंच त्या प्रकरणात मला मनासारखं झालं. चंद्रावतीचं लिखाण त्या साप्ताहिकात पुन्हा आलं नाही.

गर्दी ओसरल्यावर एका दुपारी एक बाई आली. उन्हातही पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला.

"कुठली गो तू?" गोदूबाईने विचारलं.

"खांबची. रोह्याच्या बाईंची बहीण, मालू." तिचा आवाज जेमतेम ऐकू आला. "माज्यावरनं हितं काय बोलणं झालं म्हनं."

गोदूबाईने तिला बसायला दिलं. काळुरामने तेवढ्यात मला उघडलं होतं. माझ्यातून निघालेली सगुणा ओलीच होती, अजून खरवडायची राहिलेली. मालू तिच्या खांद्याकडे बघत राहिली.

"हा हात कोनाचा?"

"त्या हैबत्याचा. साच्यातनं जात नाय. मी काढते मागनं."

"मी काढू?"

गोदूबाईने कोरणी तिच्या हातात दिली. मालूने एक बोट काढलं, मग दुसरं. चौथं निघालं तरी ती थांबेना. माती आत आत जात राहिली, खांद्याला खड्डा पडला. काळुराम काही म्हणणार होता, गोदूबाईने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. बऱ्याच वेळाने मालूने कोरणी खाली ठेवली आणि हात पदराला पुसले.

"खड्डा पडला," ती म्हणाली.

"पडूं दे," गोदूबाई म्हणाली.

मालू उठली. दारात थांबून तिने काळुरामला विचारलं, "रोह्याची गाडी कुठं लागते?" खांबची तिने विचारली नाही. ती परत खांबला गेली नाही असं पुढे गोदूबाईकडे येणाऱ्या बायका सांगत.

मी तेव्हापासून माळ्यावर आहे. अधूनमधून कोणी म्हातारा येतो आणि उसासा टाकून विचारतो, "तो जोडा मिलंल का वो?" त्याला अजून छत्रीच आठवते. मित्रांनो, माझ्या जातीच्या जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी तसं काही म्हणणार नाही. मला खुशाल फोडा. फक्त पहिला घाव त्या चार बोटांच्या जागेवर घाला.