मेताचे पंख

सरसाच्या भांड्याचं झाकण टुणकन उडालं आणि फरशीवर दोन गिरक्या घेऊन थांबलं. मी श्वास धरून बाकाकडे पाहिलं. मेता जागी झाली नव्हती. तोंड उघडं, एक हात डोक्यावर, आणि उजव्या कानाचं टोक दुमडलेलं, जन्मापासून आहे तसं. मी भांडं निखाऱ्यावरून उतरवलं आणि कोळशाची कांडी पुन्हा हातात घेतली. दुपारची ती एवढीच घटका माझी असते. चार वर्षांचं मूल जागं असताना आई काही रंगवू शकत नाही. रंगवतं ते मूलच, आणि तेही भिंती.

त्या दुपारी मला एक चेहरा हवा होता.

बर्फ वितळून रस्ते गाडीजोगे झाले, तसे आम्ही आस्पनेसच्या जहागिरीत आलो होतो. बाबा, मी, मेता आणि रंगांच्या दोन पेट्या. माझा नवरा योनास सोन्याचा वर्ख लावतो. तो राजधानीतच राहिला, राजवाड्याच्या कामावर. बाबांचंही सगळं आयुष्य तिथंच गेलं. राजाचे घोडे, राणीची कुत्री, छतावर ढगांत बसलेल्या, सद्गुणांचं रूप म्हणून काढलेल्या बायका. हात कापायला लागला तेव्हा म्हणाले, "आता देवाचं काम घेऊ. तो घाई करत नाही." म्हणून आस्पनेसच्या एब्बा बाईसाहेबांनी गावच्या चर्चसाठी वेदीमागचं मोठं चित्र सांगितलं, तेव्हा ते लगेच हो म्हणाले. आम्हाला राहायला वाड्यामागचं कपडे धुण्याचं घर मिळालं. उजेड चांगला, आणि चूलही होती.

आमच्याकडे कामाची वाटणी जुनी आहे. चेहरे आणि हात बाबांचे. कपडे, ढग आणि बाळदेवदूत माझे. बाळदेवदूताचा एक टोचलेला, म्हणजे रेषांवर सुईने भोकं पाडलेला कागद आहे. तो कापडावर धरायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की ठिपके उमटतात. गाल, पोट, पंख, सगळं तयार. माझ्या तेराव्या वर्षापासून मी त्याला इतक्यांदा काढलंय, की सख्ख्या भावासारखा वाटतो.

एब्बा बाईसाहेबांनी पहिल्याच दिवशी तो कागद उचलून खिडकीशी धरला. काळे कपडे, चाळिशीच्या जवळ आलेल्या, बोलणं तुटक.

"याला मी ओळखते," त्या म्हणाल्या. "राजमातेच्या जिन्यावर आहे हा. खजिनदारांच्या जेवणघरातही आहे. बराच फिरतो."

बाबा खोकले. "त्याला मागणी आहे, बाईसाहेब."

"असू दे. माझा आक्सेल एवढा फिरला नव्हता. एकोणीस दिवसांचा असताना गेला." त्यांनी कागद खाली ठेवला. "चित्रात वर, उजेडाच्या कडेला मला तो हवाय. तोच. दुसरं कोणाचं मूल नको."

"दिसायला कसा होता?" मी विचारलं.

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "गोरा," म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

गोरी तर इथली सगळीच मुलं असतात. त्याचं चित्र कोणी काढलेलं नव्हतं. मग काय करणार? बाकावर झोपलेली माझी लेक होती, आणि हातात कोळसा होता. गाल उतरले, मान उतरली. कान दुमडलेलाच राहू दिला, सरळ करवेना. डोळे तेवढे उघडे काढले. ते मला पाठ होते. पंखांसाठी मेतानेच तळ्यावरून आणलेलं कुरव पक्ष्याचं पीस समोर ठेवलं. चेहऱ्यावर शेवटचा हात बाबांचा असायला हवा. पण रंग भरून झाले तेव्हा त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "याला मी हात लावत नाही."

आमच्या घरात याच्यापुढची शाबासकी नाही.

पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दहा दिवस आधी सहा माणसांनी चित्र चर्चमध्ये नेऊन वेदीमागे उभं केलं. चर्चची किल्ली घंटावाल्याच्या बायकोकडे असते. तिचं नाव केर्स्टिन. रुंद हाडाची, साठीची बाई. मेता दिसली की तिच्या हातावर लोणी लावलेला काळ्या पावाचा तुकडा ठेवायचा, हा तिचा नेम होता. त्या दिवशी तिने वर चित्राकडे पाहिलं, मग खाली मेताकडे, मग पुन्हा वर. पाव तिने दिला, पण हातात नाही. बाकावर ठेवला आणि दोन पावलं मागे झाली.

मग गावातल्या बायका माझ्या लेकीची चौकशी करायला लागल्या. विहिरीवर एकीने विचारलं, "पोरगी खोकते का गं?" दुसरीने तिची पापणी खाली ओढून पाहिली. तिसरीने अंडी आणून दिली आणि जाताना डोळे पुसले. मला वाटलं, काय मायाळू गाव आहे. राजधानीत कोणी एवढं विचारत नाही.

चौथ्या दिवशी मेताचा झगा काढताना माझ्या बोटाला टोचलं. काठाच्या दुमडीत एक सुई होती. चुकून राहिलेली नव्हे. बारीक टाके घालून नीट शिवून टाकलेली.

मी ती घेऊन सरळ चर्चमध्ये गेले. केर्स्टिन झाडत होती.

"ही तुझी?"

"माझी. काढलीस कशाला? परत शीव."

"पोरीच्या पायात गेली असती."

"गेली असती तर थेंबभर रक्त आलं असतं. पोलाद आहे ते, राखण करतं." तिने झाडू भिंतीला टेकवला. "तू शिकलेली, राजवाड्यात वाढलेली. मला एवढं सांग, जित्या लेकराला पंख लावतं का कोणी?"

मला हसू आलं. "राजधानीत तर लावायला रांग असते. सरदारांच्या सगळ्या पोरांना बाबांनी पंख लावलेत. त्यातली निम्मी आता पोटं सुटून दरबारात बसतात."

"तिथं लावत असतील. चल माझ्याबरोबर."

तिने मला मनगट धरून उत्तरेच्या भिंतीपाशी नेलं. तिथं पूर्वीच्या एका पाद्रीबुवांच्या कुटुंबाचं चित्र आहे. मी त्याच्यासमोरून रोज जात होते, आणि रोज मनातल्या मनात त्याच्या मातकट रंगाला नावं ठेवत होते. पाद्रीबुवा, बायको आणि उंचीप्रमाणे उभी अकरा मुलं. मुलं मी कधी मोजली नव्हती, आणि खांद्यांकडे कधी पाहिलं नव्हतं. सात जणांना पंख होते.

"हे चार जगले," केर्स्टिन बिनपंखांच्या मुलांकडे बोट करत म्हणाली. "ही टोकाची माझ्या नवऱ्याची पणजी. बाकीचे सात गेले. आमच्याकडे पंखांचा अर्थ तेवढाच." मग तिने सातातल्या सगळ्यात लहान मुलीवर बोट ठेवलं. "ही मात्र चित्र काढलं तेव्हा जिवंत होती म्हणतात. तापलेली होती. चित्रकाराला एवढ्या लांब पुन्हा यायचा कंटाळा, म्हणून त्याने आधीच लावून टाकले."

"मग?"

"मग काय. वाया नाही गेले."

मी असल्या गोष्टी मानणारी नाही. पण त्या संध्याकाळी मेताने आंबट दुधाचा वाडगा अर्धा ठेवला, तेव्हा मी तीनदा तिच्या कपाळाला हात लावला. मग दोरा ओवला आणि सुई होती तिथं परत शिवली.

सकाळी मी रंग खरवडायची सुरी एप्रनच्या खिशात घालून निघाले. चेहरा अजून पुरता वाळला नव्हता. एकदा सुरी फिरली की झालं, पुन्हा टोचलेला कागद. फिरतो तर फिरू दे. बाबा मेताला घेऊन मागून येत होते, सावकाश.

पहिल्या बाकावर एब्बा बाईसाहेब बसल्या होत्या. हात मांडीवर, तळवे वर. मला पाहून उठल्या नाहीत.

"रोज येते मी या वेळेला," त्या म्हणाल्या. "आज मला वाटलं, तो माझ्याकडे बघतोय."

असं ऐकल्यावर खोटं बोलणं सोपं होतं. पण खिशात सुरी होती.

"बाईसाहेब, तो आक्सेल नाही. ती माझी मेता आहे."

"माहीत आहे. तुझी मुलगी रोज माझ्या अंगणातली बदकं पिटाळते. मला डोळे आहेत."

"तुम्ही म्हणाला होता, दुसरं कोणाचं मूल नको."

"म्हणाले होते." त्या आपल्या तळव्यांकडे पाहत होत्या. "मला त्याचा चेहरा आठवत नाही, साबीना. कोणाला सांगितलं नाही मी हे. वजन आठवतं. ते हातात अजून आहे. चेहरा गेला." त्यांनी तळवे जरासे उचलले. "असता तर यंदा चार वर्षांचा असता. चार वर्षांचा म्हणजे केवढा, कसा, ते मला कधी डोळ्यांसमोर आणता आलं नाही. तू आणलंस."

मी सुरी बाहेर काढली. लपवणं बरं वाटेना. मग सुईचं सांगितलं, विहिरीवरच्या बायकांचं सांगितलं, भिंतीवरच्या सात मुलांचं सांगितलं. त्या गावच्या चालीरीती त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक.

"म्हणजे तू तो पुसायला आलीस."

"मला एकच आहे, बाईसाहेब."

"मला तोही नाही," त्या म्हणाल्या. राग नव्हता त्यात. आणि मग, ज्याला कधी मागायची वेळ आली नाही अशा माणसाला मागताना जसं होतं, तसे शब्द भलत्याच ठिकाणी तोडत म्हणाल्या, "चेहरा. राहू दे. पंख घे काढून. पंख मला नकोत. मान सावरता येत नव्हती त्याला. उडायला कुठून शिकला असेल?"

मला हे सुचलंच नव्हतं. देवदूत म्हटलं की पंख आलेच, असं हात समजून बसला होता.

मागून बाबांचा आवाज आला. ते दाराशी कधी पोचले होते कोण जाणे. "ढग पुढे ओढू. खांद्यांपर्यंत. होईल."

"पाद्रीबुवा विचारतील," मी म्हटलं, "बिनपंखांचं पोर ढगात काय करतंय?"

"म्हणावं, नुकतंच आलंय. अजून मिळाले नाहीत."

एब्बा बाईसाहेबांच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. हसण्याचाच असावा. आपल्याच त्या आवाजाने त्या दचकल्यासारख्या झाल्या.

आम्ही लगेच कामाला लागलो. बाबांनी पायरीवर बसून पांढरा रंग घोटला. हात कापतो, पण घोटायला कापरा हात चालतो, असं ते म्हणतात. मी मचाणावर चढले. खाली केर्स्टिन आली, काय चाललंय ते पाहिलं, आणि बाहेर गेली.

"जाड दे," बाबा खालून म्हणाले. "एक आधीच सांगून ठेवतो. हा शिशाचा पांढरा. म्हातारा झाला की काचेसारखा होतो, खालचं दिसायला लागतं. राजाच्या घोड्याचा एक पाय मी चुकीचा काढून झाकला होता. पातळ दिला होता, घाई होती. योनास सांगत होता, आता घोड्याला पाचवा पाय फुटलाय."

माझा कुंचला थांबला. "म्हणजे पंख परत दिसतील?"

"दिसतील की. तू जाड दिलास तर साठ-सत्तर वर्षांनी."

"बाबा."

"काय बाबा? हिशेब कर." त्यांनी मेताकडे पाहिलं. ती खालच्या फळीवर पाय हलवत बसली होती. "सत्तर आणि चार. तोवर तिला चालतील ते."

मी जाड दिला. माझ्या आयुष्यात एवढा जाड ढग मी काढला नाही. कुरवाचं एकेक पीस पांढऱ्याखाली गेलं. शेवटी डाव्या पंखाचं टोक राहिलं, तेही गेलं. उजेडाच्या कडेला आता एक मूल उभं होतं. खांद्यांपर्यंत ढग, एक कान दुमडलेला, जणू कोणीतरी हाक मारली म्हणून वळून पाहतंय.

केर्स्टिन परत आली ती पाव घेऊन. लोणी लावलेला तुकडा तिने मेताच्या हातात ठेवला, आणि ती बोटं आपल्या मुठीत धरून क्षणभर तशीच उभी राहिली. सुई मी अजून काढलेली नाही. तिनेही विचारलं नाही.

मी मचाणावरून उतरून हात पुसत होते. मेता पाव खात वर बघत होती.

"हा कोण?" तिने विचारलं.

"बाईसाहेबांचा आक्सेल," केर्स्टिन म्हणाली.

"माझ्यासारखा आहे."

"तुझ्याएवढाच आहे," एब्बा बाईसाहेब म्हणाल्या. त्या अजून पहिल्या बाकावरच होत्या, तळवे वर करून.

मेताने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग पुन्हा वर. घास गिळला. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, पंख तर तू झाकून टाकलेस. आता त्याला त्याच्या आईकडे यायचं असलं, तर तो खाली कसा उतरेल?"