आठवी पुरचुंडी

"आवं, रांगुळीचा डबा कशाला खाली काढलासा?" भाकरी थापता थापता धोंडुबाईनं विचारलं.

"मुंग्या झाल्यात का बघतुया," धुळा म्हणाला.

"रांगुळीला मुंग्या?"

धुळाला खोटं बोलायची सवय नव्हती. त्यामुळे त्याचं खोटं नेहमी असं पहिल्याच प्रश्नाला आडवं पडायचं.

"त्येला हात लावू नगा," ती म्हणाली. "आपल्या दारात घालायची हाय ती."

डबा वरच्या वाडीतून डोक्यावर बसून खाली आला होता. त्याला चौदा दिवाळ्या झाल्या. खालच्या गावानं डोळेझाक केली म्हणून गायरानात त्यांची ही झोपडी उभी होती, आणि तिच्यापुढं धोंडुबाईनं रांगोळीची एक रेघ ओढली नव्हती. "हे काय आपलं दार हाय?" असं म्हणायची आणि दिवाळी झाली की डबा पुसून परत फळीवर ठेवायची.

ती पाण्याला गेली तशी धुळानं फडक्याचे आठ तुकडे मांडले. सातांत मीठ आणि तंबाखू बांधली. आठव्यात रांगोळी भरली, वर वास यावा म्हणून चिमूटभर तंबाखू घातली आणि गाठ इतरांपेक्षा घट्ट मारली. सूड घ्यायचा म्हणून काम गबाळं करावं असं थोडंच आहे!

उद्या सांगलीचे आठजण रान बघायला निघणार होते आणि धुळा त्यांचा वाटाड्या होता. पंच्याहत्तर सालचा भाद्रपद. पाऊस दमला होता, जळवा दमल्या नव्हत्या. त्या बारमाही हिरव्या, अंधाऱ्या रानात माणसाचं पाऊल वाजलं की पानापानावर त्या माना वर करून बसतात. त्यांच्यावर मिठाची पुरचुंडी हा एकच उपाय. काल रानाचा रखवालदार मानसिंग पाहुण्यांची यादी वाचत होता.

"आठवं, आप्पासो मगदूम. रिटायर अव्वल कारकून."

"परत वाच," धुळा म्हणाला.

"का रं? पावना हाय व्हय तुझा?"

"व्हय. लय जुना."

धरणाच्या मोजणीला हाच मगदूम वर वाडीत आला होता. धुळाच्या उंबऱ्यावर बसला, दोन तांबे ताक प्याला, मांडीवर कागद पसरून म्हणाला, "इथं कायम राहणारं कोण कोण?" वाडीनं धुळाला पुढं ढकललं, कारण धुळा दोनदा कराड बघून आला होता. धुळाला वाटलं, शिकलेल्या माणसापुढं 'मी कायम राहणार' म्हणणं बरं दिसत नाही. उगाच मिजास वाटेल. तो हात जोडून म्हणाला, "कायम कोन ऱ्हातंय, सायेब? चार दिसाचं पावनं आमी." मगदूम खूश होऊन हसला आणि त्यानं काहीतरी लिहिलं.

पुढं बुडालेल्या गावांना बदली जमिनी मिळाल्या. धुळाच्या वाडीची पाळी आली तेव्हा कळलं की कागदावर वाडीपुढं 'वस्ती निरंक' असं आहे. म्हणजे कोणीच राहत नाही. पाणी वाडीपर्यंत चढलं नाही. वाट तेवढी बुडवून थांबलं. मग सात घरं सात दिशांना उठली. धुळाला दोन गोष्टी ठाऊक होत्या, कारकुनाचं नाव आणि स्वतःचं वाक्य. पहिली त्यानं साऱ्या वाडीला सांगितली होती. दुसरी धोंडुबाईलासुद्धा नाही.

तिसऱ्या प्रहरी तो डाकबंगल्यावर गेला. दोन दिवस रानात काढायचे म्हणून सांगलीकरांनी घर उचलून आणलं होतं. होल्डॉल, थर्मास, माकडटोप्या आणि एकाजवळ तर बॅडमिंटनची रॅकेट.

"ही कशाला?" धुळानं विचारलं.

"साप आला तर."

धुळानं रॅकेट उलटीसुलटी केली. "जाळी बारीक हाय. मोठा साप गावायचा न्हाई ह्यात," म्हणाला आणि पुरचुंड्या वाटत पुढं सरकला. "विजारी मोज्यात खोचा. छत्र्या हितंच ठिवा. थांबायचं न्हाई, बसायचं तर मुळीच न्हाई."

मगदूम कोपऱ्यातल्या खाटेवर होता. चौदा वर्षं धुळाच्या डोक्यात तो ताठ, काळा आणि क्रूर होत गेला होता. प्रत्यक्षात तो गोल झाला होता, आणि गोरा तर आधीपासूनच होता. त्यानं धुळाला ओळखलं नाही. भडंगाचा डबा पुढं करून म्हणाला, "घे की. लसणाचं आहे, घरचं."

भडंग चांगलं होतं. त्याचाही धुळाला राग आला.

"तुमी शेवटाला चाला सायेब," तो म्हणाला. "शेवटाला मान असतुया." पहिल्याच्या पावलानं जळवा जाग्या होतात आणि शेवटच्याला धरतात, एवढं मात्र त्यानं सांगितलं नाही.

"मी आलोय पूर्वी ह्या बाजूला," मगदूम इतरांना सांगू लागला. "वर एक वाडी होती. तिथं मला साधुपुरुष भेटला बघा. धनगर, अंगठेबहाद्दर. मी विचारलं, कायम राहणारं कोण? तर म्हणतो कसा, कायम कोण राहतंय, साहेब, चार दिवसांचे पाहुणे आम्ही! अहो, काटा आला अंगावर. माझ्या निरोपसमारंभात सांगितलं मी हे. हेडक्लार्क रडला."

रॅकेटवाल्यानं टोपी काढली.

धुळाच्या तोंडात भडंग तसंच राहिलं. हातातली आठवी पुरचुंडी त्याला एकाएकी जड वाटली. वाक्य ह्या माणसानं जपलं होतं. एक शब्दही गाळला नव्हता.

"मग कागदावर काय लिवलासा, सायेब?"

"कागदावर?" मगदूम समजूत घातल्यासारखा हसला. "अरे, रकान्यात दोन बोटं जागा. तिथं एवढं कसं मावणार? निरंक लिहिलं."

धुळानं घास गिळला. आठवी पुरचुंडी त्याच्या हातात ठेवून वर म्हणाला, "ही जपा. खास हाय."

सकाळी सगळे निघाले. वाडीची जुनी वाट पाण्याखाली, म्हणून धुळानं त्यांना रानातून वर काढलं. दुसऱ्या चढावर रान मिटलं. उजेड हिरवा झाला, पाण्यासारखा. मागून मगदुमाचे "अगं आई", "ही बघ आणखी एक" असे आवाज येत राहिले आणि प्रत्येक आवाजाला धुळाचा पाय हलका पडत गेला. पुरचुंडी तो घासत असणार आणि जळवा निवांत पीत असणार. चौदा वर्षांत इतका चांगला चढ धुळा चढला नव्हता.

वाडीच्या माळावर सात चौथरे होते. पहिल्या सहाही पाहुण्यांनी ते दगड समजून ओलांडले, सातव्यानं त्यांवर रॅकेट आपटून पाहिली. मगदूम धापा टाकत आला आणि एका चपट्या, शेवाळलेल्या दगडापाशी थांबला. पिंढरीवर एक जळू द्राक्षासारखी फुगली होती.

"अरे, तुझं मीठ लागत नाही रे हिला," म्हणत त्यानं पुरचुंडी सोडली आणि उरलेलं सगळं पायावर ओतलं. जळू हलली नाही. पांढरी भुकटी पायावरून घसरून दगडावर रेघेसारखी पडली, थोडी तिरकी, थोडी तुटलेली.

हसायचं हे धुळानं कालच ठरवून ठेवलं होतं. तो दगडाकडं बघत राहिला. ह्याच उंबऱ्यावर धोंडुबाई डावीकडून रांगोळी सुरू करायची.

मगदुमानं आजूबाजूला पाहिलं. "इथं कोणी राहत होतं काय रे?"

"व्हय."

"म्हणजे येऊन-जाऊन?"

"न्हाई, सायेब," धुळा म्हणाला. "कायम."

तो उकिडवा बसला. जळू काढायला बसला असं समजून मगदुमानं पाय पुढं केला आणि तसाच एका पायावर, धुळाच्या डोक्याचा आधार घेत उभा राहिला. धुळा बोटानं रेघ सरळ करत होता.